पडायचं कसं

सासूबाईंचं मांडीचं हाड केव्हाच जुळलं होतं. पण पुन्हा पडायच्या धास्तीनं त्या खुर्ची सोडत नव्हत्या. जन्मभर ज्युदो शिकवलेली बाई!

संध्याकाळी त्या नातीबरोबर सुपरहिरोची अ‍ॅनिमे मालिका बघत होत्या. नायक दुबळा, सारखा आपटणारा.

"आजी, बघ ना, किती सुधारलाय तो!" कोहारु म्हणाली.

"डोंबल सुधारलाय! मेल्याला अजून धड पडता येत नाही. हनुवटी छातीशी हवी, हात असा... छे, बसून नाही दाखवता येत. सरक बाजूला!"

आणि सासूबाई उठून तातामीच्या चटईवर पाय रोवून उभ्या राहिल्या.

मालिकेला त्यांनी शून्य गुण दिले. सकाळी देव्हाऱ्यातल्या बुद्धापुढे नैवेद्याच्या रोजच्या भाताशेजारी मी आणखी एक वाटी ठेवली, त्या धड पडता न येणाऱ्या पोरासाठी.