एकदाच आलेली

वनरक्षक इसरूने बुधरीला वनखात्याच्या कार्यालयात आणून दिव्यानीच्या टेबलासमोर बसवलं, तेव्हा गेलेली लाइट नुकतीच परत आली होती आणि कॉम्प्युटर चालू होत होता.

"हेच ते बाई," इसरू म्हणाला. "आता तुमीच इचारा, म्याडम."

दिव्यानीला चेहरा ओळखीचा होता. जंगलातल्या कॅमेऱ्यांत वाघांबरोबर माणसंही येत. बंदी असलेल्या वाटांवर कोण पुन्हापुन्हा फिरतं, ते साहेबांना हवं होतं. म्हणून तिने प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक चेहऱ्याला नंबर देई आणि तोच नंबर यादीत किती वेळा आला ते मोजी. एकदाच आलेला नंबर म्हणजे वाटसरू. त्याला गाळून टाकी. सगळ्यात जास्त वेळा आली होती ती ही बाई. नाल्याजवळच्या कॅमेऱ्यापुढे, रोज सकाळी, रिकाम्या हातांनी.

"मावशी, तिथी वाघ आहे. तरी काऊन जाते?"

"वाघ आहे ते मले माईत आहे." बुधरीने पदर सावरला. "माझी सोमारी त्यानंच नेली. होळीच्या दुसऱ्या दिवशी. मोहफुलं येचाले गेली होती."

इसरू खिडकीकडे वळला. शोधायला गेलेल्यांत तोही होता.

"झाडाले तो डब्बा बांधला आहे न, तो येनाऱ्या-जानाऱ्याचा फोटो काढते म्हन्तेत. पोरगी त्याच वाटेनं गेली. घरी तिचा फोटो नाई. आधार कार्डावर आहे, तो लहानपनचा. चेहरा भुलून राह्यली मी, बाई. तुमी कोनी डब्बा खोलाले येसान, तर मागून घेईन म्हनलं. म्हनून बसते तिथी जाऊन."

दिव्यानी कॉम्प्युटरकडे वळली. यादीत सोमारी सापडणार नव्हती. ती एकदाच गेली होती.

तिने गाळणीची ओळ पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. गाळलेले नंबर भराभर खाली उतरू लागले. प्रत्येकापुढे एक. तिने नाल्याजवळचा कॅमेरा निवडला, होळीनंतरची सकाळ निवडली. एकच फोटो उरला. तो आजवर कोणी उघडलाच नव्हता.

मुलगी कॅमेऱ्यावर वाकली होती, आरशात पाहावं तशी. डोक्यावर टोपली, कानामागे बट सारणारा हात. हसत होती. आणि तिच्या खांद्यामागे, वाळलेल्या गवतात, गवत नसलेलं काहीतरी होतं.

इसरूने वाकून पाहिलं आणि तो मागे सरला.

दिव्यानीने फोटो कापला. फक्त चेहरा ठेवला, प्रिंट काढली आणि बुधरीच्या हातात दिली.

बुधरी कितीतरी वेळ पाहत राहिली. "हासून राह्यली," ती म्हणाली. "पाहा न भाऊ, कशी हासून राह्यली." इसरूने मान हलवली. मग तिचं बोट कागदाच्या कडेवरून फिरलं. टोपली अर्धीच होती. हात मनगटापाशीच संपत होता.

"हे काऊन कापलं, बाई?"

दिव्यानीने स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली.

"तोबी आहे न याच्यात?"

"मावशी, राहू द्या."

"दाखव मले."

दिव्यानीने इसरूकडे पाहिलं. तो दारातून बाहेर निघून गेला होता. तिने पूर्ण फोटो उघडला आणि स्क्रीन बुधरीकडे फिरवली.

बुधरी रडली नाही. खुर्ची पुढे ओढून ती काचेच्या अगदी जवळ गेली. एकदा गवताकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग गवतातल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"सोमारी, मांगं पाह्य न वो."