मंगळवारचं दळण

“वेड्या माणसाला आपण वेडे आहोत हे कळतं का?”

वहीच्या पानावरचा हा प्रश्न शालननं सरकारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली. पैज तशीच होती. चिठ्ठी द्यायची, पळायचं नाही. पैज लावणाऱ्या छबू आणि इंदू मात्र खिडकीखाली बसून वेणीचं टोक तोंडात कोंबून हसत होत्या.

डॉक्टर सुमनताईंनी चिठ्ठी वाचली. आता कान धरणार, शालनला वाटलं.

“कळतं,” बाई म्हणाल्या. “सांगायचं कुणाला, ते कळत नाही. तू अर्जुनरावांची ना? पवनेत वाहून गेला त्या ज्योतीरामची बहीण?”

शालननं मान डोलावली.

“आई घराबाहेर पडते का?”

मान आडवी हलली.

“मग पुढच्या मंगळवारी तिला घेऊन ये.”

बाहेर येताच छबूनं तिला मिठीच मारली. “काय गं तुझी छाती! मी असते तर तिथंच रडले असते.”

“तू तर भाकरी करपली तरी रडतेस,” इंदू म्हणाली.

शालन दोघींच्या मधून चालत घरी गेली, मान ताठ, जणू लढाई मारून आली होती.

चिंचवडात हा दवाखाना सुरू होऊन तीन महिने झाले होते. दर मंगळवारी पुण्याहून सरकारी गाडी यायची, चावडीशेजारची खोली उघडायची, आणि दिवसभर कुणीही फिरकायचं नाही. मनाचं दुखणं सांगायला खुर्चीवर कोण बसणार? आणि बसलेलं कुणी पाहिलं तर? गावानं ‘वेड्यांची खोली’ असं नावच ठेवून टाकलं होतं.

शेवटी सुमनताईंनी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि खोलीत मधोमध एक जातं मांडलं. मग बायका डोक्यावर पाटी घेऊन येऊ लागल्या. कुणी विचारलंच तर सांगायला सोपं, दळायला चाललेय!

शालनही आईला घेऊन गेली ती दोन शेर बाजरी घेऊनच. पहिल्या मंगळवारी सुभद्राबाई नुसत्या रडल्या. दुसऱ्या मंगळवारी खुंटा धरून ज्योतीरामचं नाव घेतलं. तिसऱ्या मंगळवारी तो लहानपणी कणगीत लपायचा ते सांगताना चक्क हसल्या. समोर बसून खुंटा ओढायला शालन. जातं घरघरायचं आणि तिच्याही छातीत काहीतरी घरघरायचं.

सुमनताईंनी मायलेकींच्या नावानं उपचाराचा एकच कागद केला होता. निघताना न चुकता म्हणायच्या, “दोघींनी यायचं हं. एकटीनं चालणार नाही.”

नावं लिहायचं काम त्यांनी शालनकडंच दिलं. बायका नवऱ्याचं नाव घेईनात, बाईंना सगळं गाव ठाऊक नाही. शालनला मात्र कुणाची कोण ते सगळं पाठ. ती झरझर लिहायची. दिवाळीपर्यंत एकोणीस नावं झाली. तालमीतले मारुतराव तर एवढ्या मोठ्या मिशा घेऊन ‘आईचं दळण आणलंय’ म्हणत दारात उभे राहिले! शालन इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर गणित वाचून संपवायच्या आत तिनं फळ्यावर उत्तर मांडलं.

आणि मग मार्गशीर्षात चाकणहून स्थळ आलं.

नानासाहेब कांद्याचे व्यापारी. पाटावर बसलेल्या शालनकडं त्यांनी निरखून पाहिलं.

“नाव काय, बाळ?”

“शालन,” सुभद्राबाई दाराआडून म्हणाल्या.

“कितवीत?”

“नववीत हाय. अक्षर लई सुंदर,” अर्जुनराव घाईनं म्हणाले.

शालन पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत राहिली.

नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “वा! वर मान न्हाई, तोंडातून शब्द न्हाई. अर्जुनराव, अशी सून हल्ली दिवा घेऊन हुडकली तरी मिळत न्हाई. पन एक हाय. त्या वेड्यांच्या खोलीत तुमच्या घरच्या जातात म्हनं. ते थांबवा, मग सुपारी फोडू.”

पाहुणे गेले. अर्जुनराव ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. दवाखाना पुढं चालू ठेवायचा का ते ठरवायला दुसऱ्या दिवशी पंचांची सभा होती. डॉक्टर, औषध, गाडी सगळं सरकारचं, पण खोली गावानं द्यायची. ती द्यायची नसेल तर गाडी दुसऱ्या गावी जाणार होती. पाच पंचांत दोघे होय म्हणत होते, दोघे नाही. पाचवे अर्जुनराव.

“उद्या मी नगं म्हननार,” ते म्हणाले.

सुभद्राबाई परात ठेवून बाहेर आल्या. “आवो, असं करू नका. तितं गेले म्हनून मी उभी हाय. एकोनीस घरची मानसं येत्यात.”

“मला कळत न्हाई व्हय? पन असं स्थळ आपल्या पोरीला पुन्हा येनार न्हाई. तुलाबी ठाव हाय.”

सुभद्राबाईंनी डोळे पुसले. “निदान कुनी तरी सभेत चार शबुद तरी बोलावं. त्या खोलीनं काय झालं ते सांगावं.”

“कोन बोलनार? मारुतराव? मिशी उतरंल त्याची. तू?”

“मी बोलणार.”

सुभद्राबाईंनी दाराकडं पाहिलं. कोण बाई आली म्हणून. दारात कुणी नव्हतं.

अर्जुनराव येरझाऱ्या घालता घालता थिजले. ज्योतीरामला पवनेतून काढून आणलं, त्या दिवसापासून सव्वादोन वर्षं लेकीच्या तोंडून त्यांनी एक अक्षर ऐकलं नव्हतं.

“मी बोलणार, आबा,” शालन म्हणाली, या वेळी मोठ्यानं. “उद्या. सगळ्या पंचांपुढं.”