दुकानातलं हेम्प

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बस डेपोत ऑफिस सांभाळणाऱ्या नंदाताई पाठदुखीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं गांजाचं औषध घ्यायच्या. ड्रायव्हर नकुलने चारचौघांत त्यांना गांजेकस ठरवून तक्रार केली. प्रिस्क्रिप्शन दाखवल्यावर नोकरी वाचली, पण कॅन्टीनमध्ये त्यांच्याजवळ कुणी बसेना.

पुढे डेपोत सगळ्यांचीच ड्रग टेस्ट झाली. नकुल गुडघ्यासाठी दुकानातलं साधं हेम्प ऑइल, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडाचं नशा न आणणारं तेल, थेंब थेंब जिभेखाली घ्यायचा, पण त्यातलं किंचितसं टीएचसी, म्हणजे गांजातलं नशेचं द्रव्यही टेस्टमध्ये दिसलं. त्याच्याकडे प्रिस्क्रिप्शन नव्हतं. तो सस्पेंड झाला.

"नंदाताई, तुम्हाला यातला फरक कळतो. मॅनेजरला समजावा ना, प्लीज!"

नंदाताईंनी त्याला शेजारी बसवलं.

"सगळ्यांची टेस्ट घ्या, हे त्यांना मीच सुचवलं रे. तुला ते थेंब घेताना पाहिलं, त्याच दिवशी."