ओली चादर

सापाच्या पेटीवर ओली चादर पसरलेली पाहून मार्तंडराव दारातच थबकले. चादरीच्या टोकातून पाणी ठिबकत होते आणि ते त्यांनी स्वतः बसवलेल्या थर्मोस्टॅटच्या अगदी शेजारी पडत होते. त्यांनी आधी बटण बंद केले आणि मगच बायकोला हाक मारली.

पार्वतीबाई उरलेल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या. इमारतीच्या रंगकामासाठी बाहेर बांबूंची परांची उभी राहिली होती, तिच्यावर हिरवी जाळी चढली होती, आणि गॅलरीत घातलेला कपडा वाळेपर्यंत सिमेंटच्या धुळीने पुन्हा मळत होता. म्हणून त्यांनी मागच्या खोलीत दोऱ्या बांधल्या होत्या. दोऱ्या भरल्या, तशी चादर पेटीवर आली होती.

"अगं, इथे वीज आहे. शॉर्ट झालं तर?"

"मग हलवा पेटी. पेटी तुमची, खोली माझी," पार्वतीबाई म्हणाल्या. "पाहुणा ठेवून घेतलात, मी काही बोलले का? आता कपडे पण त्याला विचारून वाळत घालू?"

पेटी हलवणे शक्य नव्हते. साप कात टाकायला आला होता आणि अशा वेळी त्याला धक्काही लागू द्यायचा नाही, असे प्राण्यांची डॉक्टर प्रांजल हिने बजावले होते.

तो लहान जातीचा परदेशी अजगर होता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू मुलुंड सोडून गेले, तेव्हा त्याला प्लास्टिकच्या डब्यात घालून गच्चीवर टाकीमागे ठेवून गेले होते. टाकीचा व्हॉल्व्ह पाहायला गेलेल्या मार्तंडरावांना तो सापडला, तेव्हा त्याचा कणा वर आला होता आणि जुन्या कातेचे तुकडे अंगावरच वाळले होते. इथला नसल्यामुळे त्याला बोरिवलीच्या जंगलात सोडता येणार नाही, असे सर्पमित्राने सांगितले. तेव्हा मार्तंडरावांनी प्लायवूड आणि काच आणून ही पेटी बनवली, वर जाळीचे झाकण केले, उबेसाठी दिवा लावला. साप खाऊ लागला, अंगाने भरला. उजवा डोळा मात्र तसाच राहिला. सापाच्या डोळ्यावरची पारदर्शक चकतीही दर वेळी कातेबरोबर उतरते; इथे जुन्या कातेची चकती घट्ट बसून राहिली होती. ही कात अखंड उतरली तर चकतीही तिच्याबरोबर निघेल, तुकड्यातुकड्यांनी उतरली तर डोळ्याचा भरवसा नाही, असे प्रांजलने स्पष्टच सांगितले होते.

"हवा दमट ठेवा, काका," हेही ती जाताना बोलली होती.

मार्तंडरावांनी पाण्याचे भांडे ठेवले होते आणि सकाळ-संध्याकाळ तुषार मारण्याचा क्रम चुकवला नव्हता. पण दिवस थंडीचे, कोरडे. त्यात दिव्याची ऊब होती नव्हती ती ओल जाळीतून वर काढून टाकत होती. पेटीतल्या आर्द्रतामापकाचा काटा हवा तिथे चढत नव्हता. आणखी पाणी मारायला त्यांचा हात धजत नव्हता. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी कारखान्यांतली विजेची पॅनेल सांभाळली होती. ओल दिसली की ती पुसायची, हे त्यांच्या हाताचे वळणच होऊन गेले होते.

त्यांनी चादर उचलून खुर्चीवर टाकली. दुपारी ती पुन्हा पेटीवर होती. त्यांनी ती पुन्हा काढली. संध्याकाळी पाहतात तो ती परत जागेवर आणि थर्मोस्टॅटवर दुधाची रिकामी पिशवी उलटी चढवून वर रबर लावलेले.

"झालं ना आता तुमच्या शॉर्टचं?" पार्वतीबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या सदोष होती. तिच्यातली खोट शोधण्यासाठी मार्तंडराव वाकले आणि काचेतून त्यांची नजर आर्द्रतामापकावर गेली. काटा हव्या त्या खुणेच्याही पुढे गेला होता.

मग त्यांनी हत्यारांची पेटी आणली, थर्मोस्टॅट सोडवून भिंतीवर उंच बसवला, वायर फिरवून घेतली आणि चादरीचे घसरलेले टोक स्वतःच झाकणावर ओढले. दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंच्या धुण्यात चादरी जास्त निघाल्या.

रविवारी सकाळी कात पडली होती. तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड, उलट्या काढलेल्या मोज्यासारखी. मार्तंडरावांनी ती खिडकीशी नेऊन डोक्याचा भाग उजेडात धरला. डाव्या डोळ्याच्या जागी एक पारदर्शक चकती होती. उजव्या डोळ्याच्या जागी एकावर एक बसलेल्या दोन होत्या.

त्यांनी बायकोला हाक मारली. पार्वतीबाई ओले हात पुसत आल्या आणि आजवर कधी केले नव्हते ते त्यांनी केले. पेटीसमोर बसून त्यांनी आत डोकावले. सापाने मान उचलली. पोतीतल्या काळ्या मण्यांसारखे त्याचे दोन्ही डोळे लखलखीत होते.

"दिसतं त्याला आता? दोन्हींनी?"

"दिसतं."

"बघतोय मेला," त्या म्हणाल्या आणि नकळत त्यांनी पदर सारखा केला.

पुढच्या आठवड्यात परांची उतरली, हिरवी जाळी निघाली आणि इमारतीच्या साऱ्या गॅलऱ्या कपड्यांनी भरून गेल्या. पार्वतीबाईंनी मागच्या खोलीतल्या दोऱ्या सोडल्या, सगळे धुणे बाहेर उन्हात नेले. मार्तंडराव गॅलरीतच खुर्ची टाकून डोंगराकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत बसले होते. आतून पार्वतीबाईंचा आवाज आला.

"अहो, उठा. पेटीवरची चादर पार वाळलीय. भिजवून आणा."