वरच्या तळ्याची वाट

डावी वाट गरम पाण्याच्या कुंडांकडे उतरत होती आणि उजवी खिंड चढून वरच्या तळ्याकडे जात होती. डोंगर चढायला आलेले तिघं परदेशी पाहुणे तंबूत नकाशा पसरून बसले होते. शेजारच्या स्वयंपाकाच्या तंबूत ब्राउलिया कीन्वाची पेज ढवळत होती. हात पातेल्यात, कान पलीकडे.

तिला तळ्याशी जायचं होतं. आजच. दोन महिन्यांपूर्वी स्वयंपाकाला आलेल्या अशाच एका खेपेला तिने आपल्या मुलाला, रूबेनला, पाठीशी बांधून आणलं होतं, आणि ती तळ्याकाठच्या एका खडकावर बसलेली असताना बर्फाच्या कड्याचा ढलपा कडाडून पाण्यात कोसळला. पोर दचकलं ते दचकलंच. तेव्हापासून तीन वर्षांचा मुलगा तोंडातला घास गिळत नाही, रात्री डोळे उघडे ठेवून पडून राहतो, हाक मारली तर ओ देत नाही. सिकुआनीच्या नर्सिंग कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या ब्राउलियाने त्याला आधी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जंताचं औषध दिलं. तिच्या आईने मात्र पोराच्या डोळ्यांत नुसतं पाहिलं आणि म्हणाली, हा इथे नाहीच. याचा जीव तळ्याशी राहिलाय. तू नेलंस, तूच जाऊन हाक मार आणि त्याच्या टोपीत धरून आण. मंगळवार नाहीतर शुक्रवार बघून.

आज शुक्रवार होता. पोर घरी आजीपाशी होतं. हंगामातली ही शेवटची खेप. पुढे खिंड बर्फाने बंद व्हायची.

वाटाड्या एलाद्यो तिचा कोम्पाद्रे, ती त्याची कोमाद्रे; पोरावरून जुळलेलं मानलेलं नातं. रूबेनचं जावळ त्यानेच काढलेलं, म्हणजे पोराच्या बऱ्यावाईटाला तोही बांधलेला. काल चढावर तिने त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो कितीतरी वेळ कोकाची पानं चघळत राहिला आणि शेवटी म्हणाला की वाट पाहुण्यांनी निवडायची असते, आपण नाही.

आणि आता तो कुंडांचं कौतुक करत होता. पाणी कसं कढत, गुडघ्यांना कसा आराम पडतो, काठावरच एक म्हातारी बियर विकायला बसते. तळ्याचं सोडा म्हणाला. वारा फार, आणि चढ दम काढतो. मागच्या आठवड्यात काहीजण अर्ध्यातूनच परतले.

ब्राउलियाने पळी पातेल्यावर आपटली. मदत नाही तर नाही, निदान गप्प तरी बसायचं.

पलीकडे नकाशा सळसळला. मग योरिस नावाच्या त्या ताडमाड पाहुण्याने विचारलं, परतले ते किती वयाचे होते?

“तुमच्याच,” एलाद्यो म्हणाला. “दोनेक वर्षांनी लहानच असतील.”

नकाशाची घडी पडल्याचा आवाज आला. एलाद्यो चहा घ्यायला आत आला.

“भांडी आवरा, कोमाद्रे. तळ्याकडून जायचंय.”

ती बघतच राहिली.

“मी काय केलं? नको म्हटलं फक्त.” त्याने पेल्यावर फुंकर घातली. “नको म्हटलं की जातातच हो. यांच्यापेक्षा आपला रूबेन परवडला.”

स्वयंपाकाचं सामान घोड्यावरून नेहमी पुढे जातं, म्हणून ती पाहुण्यांच्या आधी तळ्यावर पोचली. घोडेवाल्याला तिने मुक्कामाच्या जागी पाठवून दिलं. मग तो खडक शोधून काढला, गाठोड्यातली रूबेनची टोपी काढली, टोपीचं तोंड पाण्याकडे धरलं आणि हाक मारली.

“रूबेन, ये. चल घरी.”

वर्गात उत्तर येत नसताना निघतो तेवढाच आवाज निघाला. जवळपास कुणी नव्हतं, तरी लाज वाटत होती. तिने पुन्हा हाक मारली, आईने दाखवलं होतं तशी टोपी आपल्याकडे ओढत. पुन्हा मारली. इथे राहू नकोस, गार आहे, चल.

पाहुणे खिंडीतून उतरलेले तिला कळलंच नाही. त्यांना दिसलं ते एवढंच: पाण्याच्या कडेला एक बाई, हातात लहान मुलाची टोपी, तोंडात त्याचं नाव. योरिसने पाठीवरची बॅग होती तिथेच टाकली आणि तो धावत सुटला. त्याच्याबरोबरची मारिट एलाद्योकडे वळली.

“केवढा आहे?”

“तीन वर्षांचा.”

“शेवटचा कुठे दिसला?”

“इथेच,” एलाद्यो म्हणाला.

 हातांचा कर्णा करून मारिटही हाका मारू लागली. तिसरा पाहुणा एकेका खडकामागे वाकून बघत होता. योरिस काठाकाठाने पळत होता, रूऽबेन, रूऽबेन, आणि समोरच्या कड्यांवरून तेच नाव परत येत होतं. ब्राउलियाचे कान तापले. तिने एलाद्योकडे पाहिलं. यांना थांबवा.

एलाद्योने डोक्यावरची हॅट काढली होती.

“असू द्या, कोमाद्रे. पोराला न्यायला एवढी माणसं आलीत.” आणि पाण्याकडे तोंड करून त्यानेही हाक दिली.

तेव्हा ब्राउलिया ओरडली. बाळंतपणानंतर एवढ्या मोठ्याने ती कधीच ओरडली नव्हती.

कड्यांवरून नाव येत राहिलं आणि मग यायचं थांबलं. तिने टोपीचं तोंड मुठीत आवळलं, टोपी छातीशी धरली आणि मागे न बघता चालू लागली. समोरून योरिस आला, घोट्यापर्यंत भिजलेला, दोन्ही हात रिकामे. त्याला तिच्याकडे बघवेना.

ती थांबली.

“त्यांना सांगा, कोम्पाद्रे,” ती म्हणाली. “सापडला म्हणावं.”