खोटा केक

"भूक लागल्यासारखं बघ, पण हावरट नको दिसायला," दिग्दर्शक भिंगरीला समजावत होता. कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या आईला त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली.

जाहिरात मोबाइलवरच्या ॲपची होती. आजारातून उठलेल्या, सदा भुकेल्या मुलांसाठीचं ॲप. डोक्यातली गाठ काढल्यापासून भिंगरीला पोट भरल्याचं कळतच नव्हतं. जेवून हात धुतले की पुन्हा भूक. ॲपमधलं कासव तिला विचारायचं, किती लागलीय? मग पाणी प्यायला लावायचं, गोष्ट सांगायचं, जेवणाला अजून किती वेळ आहे ते दाखवायचं. त्याचा उपयोग होत होता, हे आई नाकारत नव्हती. स्वयंपाकघराचं कुलूप ओढून बघणं भिंगरीनं त्यामुळेच सोडलं होतं. म्हणून तर ॲपच्या कंपनीतल्या बाईंनी जाहिरातीसाठी गळ घातली तेव्हा आईला नाही म्हणवलं नाही.

त्याच कासवाचा पहिला धडा होता, खायचं डोळ्यांआड ठेवा. आणि इथे पोरीच्या नाकासमोर हा भलामोठा केक!

"खोटा आहे हो ताई," बाई मघाशी हसून म्हणाल्या होत्या. "दिव्यांखाली खरा टिकत नाही. आत थर्माकोल, वर दाढीचा फेस आणि वार्निश. खाण्यासारखं काही नाहीच त्यात." आईनं मान डोलावली होती. भिंगरीलाही तिनंच सांगितलं होतं, "खोटाय गं तो." आता स्वतःच्या त्या मान डोलावण्याचीच तिला शिसारी येत होती.

भिंगरीनं केककडे बघितलं, ताटली सरकवली, मोबाइल उचलला, हसली.

"छान! पण बेटा, सरकवताना जरा जड गेल्यासारखं कर. पुन्हा."

पुन्हा. आणि पुन्हा. दिवे सांभाळणारी माणसं सँडविच चघळत बघत होती. भिंगरीचे हात थरथरायला लागले.

"वा! हेच हवं होतं मला!" दिग्दर्शक खूश झाला.

तेवढ्यात भिंगरीनं दोन्ही हात केकमध्ये खुपसले.

आई पोचेपर्यंत तोंड गच्च भरलं होतं. गालांवर फेस, ओठांवर वार्निशचे पापुद्रे, साबणाचा उग्र वास. थर्माकोल दातांखाली करकरत होता. "थुंक! भिंगरे, थुंक ते!" आईनं तोंडात बोटं घातली, तर पोरीनं दात आवळले आणि गिळलं. उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा गिळलं.

"ईऽऽ," मागून कोणीतरी म्हणालं. सँडविच चघळणाऱ्या एकानं तोंड फिरवलं.

"थोडंसंच गेलंय हो," कंपनीच्या बाई रुमाल घेऊन पुढे आल्या. दिग्दर्शक पडद्यावर मघाचं चित्रण बघत म्हणाला, "तोंड पुसा तिचं. तो हात थरथरण्याचा शॉट जवळून घेऊ. दुसरा केक आणा रे!"

आईला त्या खोलीची किळस आली. दिव्यांची, त्या हसऱ्या बाईची, कासवाची, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. तिनं पर्स खांद्याला अडकवली आणि भिंगरीचा दंड धरला. "ऊठ. डॉक्टरांकडे जायचंय. ऊठ म्हणते ना!"

भिंगरीनं हात सोडवून घेतला. बाहीनं तोंड पुसलं, खुर्चीत ताठ बसली आणि दिग्दर्शकाला हवं होतं अगदी तसं हसली.

"थांब ना गं आई. दुसरा आणतायत."