फळा पुसायला

शिक्षणाधिकारी साहेबांकडे कुठल्याही शिक्षकाची तक्रार आली, की त्यांच्याकडे एकच उतारा असे: बदली. "चौकशी लावून खात्याची अब्रू कशाला चव्हाट्यावर आणायची?" असं ते हाताखालच्यांना बजावत. एका शिक्षकाला त्यांनी असंच या शाळेतून त्या शाळेत फिरवलं. प्रत्येक शाळेतल्या मुली रडत एकच सांगायच्या, "शाळा सुटल्यावर सर फळा पुसायला थांबवतात." साहेब त्यांच्या आयांची समजूत काढत, "ताई, गेला ना तो इथून? मग विषय संपला."

विषय संपला, पण खडूचा नुसता वास आला तरी साहेब नाकाला रुमाल लावत.

आता ते निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीत त्यांच्याच तालमीत तयार झालेला अधिकारी बसला होता आणि इमानेइतबारे त्यांचाच कित्ता गिरवत होता. साहेबांना काम उरलं होतं ते नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं.

आज नात फाटकातून उड्या मारतच आली.

"आजोबा, उद्या मला न्यायला जरा उशिरा या हं!"

"का गं बाई?"

 

"नवे सर आलेत ना, त्यांनी फळा पुसायला मलाच निवडलंय."